काकाजींचा खडू आणि मदनमहालाचा उतार

चि. नील आणि चि. सई,

नीलने पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पहिल्या वेळी डोळे मिटून, दुसऱ्या वेळी एक डोळा उघडून आणि तिसऱ्या वेळी चष्मा पुसून, नीट. तुमच्या त्या बर्फाच्या देशात डोंगरावरून सायकल खाली आणायची वाट असते, तिच्या तोंडाशी शंकरपाळ्याच्या आकाराच्या दोन काळ्या खुणा असतात आणि त्यांचा अर्थ 'तरबेज असाल तरच या' असा असतो, हे सईने मला फोनवर समजावून सांगितलं. मग तुमच्या आईचा फोन आला. "आई, तुम्ही तरी त्याला समजवा, तुमचं ऐकतो तो." आणि त्याच संध्याकाळी नीलचा निरोप: "आजी, तुला यातलं काही कळणार नाही, तू काळजी करू नकोस." मी काळजी मुळीच करत नव्हते. पण मला कळणार नाही, हे वाक्य मात्र दोन दिवस घशात अडकून राहिलं. म्हणून हे पत्र. मी आयुष्यभर मुलींना निबंध शिकवले, तेव्हा क्रमाने सांगते: आधी माणूस, मग सायकल, मग उतार.

सायकलवरून डोंगर कसा उतरावा, या विषयातला जगातला सर्वात मोठा जाणकार जबलपूरला, गढा नावाच्या वस्तीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे मी तुमचा व्हिडिओ पाहून, पूर्ण विचार करून लिहिते आहे. तुमच्याकडच्या मुलांना उतरण्यासाठी डोंगर लागतो. काकाजींचं मत याच्या उलट होतं. देवाने डोंगर केले ते सायकली तपासता याव्यात म्हणून, आणि मदनमहालाच्या टेकडीवर गोंड राजाने किल्ला बांधला तो केवळ वर गेल्यावर सायकल टेकवायला भिंत हवी म्हणून, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

काकाजी आमचे नात्याने कोणी नव्हते. सासूबाई अमरावतीच्या, काकाजीही अमरावतीकडचे, एवढ्यावर त्या त्यांना भाऊ म्हणत आणि दिवाळीत ओवाळत. मी नागपूरला शिकले. लग्न होऊन इथे येईपर्यंत राज्यांची नवी वाटणी होऊन गेली होती. माझं माहेर महाराष्ट्रात गेलं होतं, सासर मध्य प्रदेशात राहिलं होतं, आणि काकाजींच्या मते ही वाटणी करणाऱ्यांनी माल न तपासता पास केला होता. ते संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत चेकर होते. कारागिरांनी केलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. ते मोजायचे, ठोकायचे, कानाशी धरून ऐकायचे आणि शेवटी चांगल्या मालावर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण करायचे, वाईटावर लाल खडूने फुली मारायचे. पास झालेल्या लोखंडी वस्तूवर छोट्या पंचने, म्हणजे पोलादी ठशाने, खूण ठोकायचे. एवढं करून माणसाने घरी यावं, हातपाय धुवावेत, जेवावं. पण काकाजी दोन्ही खडू खिशात घेऊनच घरी येत. त्यांना सगळा गढा 'फेलवाले चाचा' म्हणायचा, कारण बारा वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या तर अकरांवर फुली पडायची.

आमच्याकडे आले की आधी खुर्ची हलवून बघायचे, मग अर्धे बसायचे, मग पूर्ण बसायचे, मग एकदा उठून धप्पकन बसायचे. "पाहुणा असाच बसते असं नाही न, सूनबाई. एखादा रागानंही बसते." आमच्या चार खुर्च्यांपैकी तीन खुर्च्यांच्या पाठीला लाल फुली होती. तुमचे आजोबा पाहुण्यांना ती पुसल्याशिवाय बसवत नसत. नवी छत्री आणली तर ती नळाखाली अर्धा तास धरायची. पितळी तांब्या पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि सकाळी कागद ओला आहे का ते पाहायचं. काकू पुरणपोळी वाढायच्या, तर हे ती दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे, पुरण कडेपर्यंत गेलं आहे का बघायला. एकदा काकूंनी हातातला झारा परातीवर आपटला. "फुली मारा नं मंग! पुरणपोळीवर फुली मारा नं उपाशी झोपा!" काकाजींनी पोळी मुकाट्याने खाल्ली. पण हात धुताना मला हळूच म्हणाले, "एका बाजूनं दोन सूत कमी होतं. पण काय आहे सूनबाई, ज्या खात्यात आपली बदली होऊ शकत नाही, तिथं जास्त रिजेक्शन करू नाही."

आता उतार. मदनमहालाची टेकडी म्हणजे एकावर एक टाकून दिलेल्या काळ्या-राखाडी शिळा. त्यातली एक तर दुसरीवर अशी टेकली आहे की आत्ता पडेल असं वाटतं, आणि हजारो वर्षं पडत नाही. (काकाजी एकदा तिलाही खांदा लावून आले. पास.) किल्ल्यापासून गढ्याकडे उतरणारी एक वाट होती. बकऱ्या ती सांभाळून उतरत. काकाजी दर रविवारी सकाळी त्या वाटेने सायकलवर बसून उतरत. सायकल आपली साधी काळी, दांडीची, चोवीस इंची, लोखंडी ब्रेकची, मागे कॅरिअर आणि कॅरिअरवर गव्हाची गोणी, कारण रिकाम्या सायकलची चाचणी ही चाचणी नव्हे. गढ्यात कोणी सायकल घेतली की ती आधी काकाजींकडे यायची. ते तिला टेकडीवर खांद्यावर घेऊन जात आणि खाली घेऊन येत. जी खाली येताना खडखडली तिला फुली. जिचा ब्रेक तापला तिला फुली. एका शिक्षकांची सायकल तर खाली आलीच नाही. काकाजी आले, हातात फक्त हँडल. "मास्तर, हा भाग पास आहे," म्हणाले.

आदल्या संध्याकाळी ते सगळी वाट पायी चालून जात आणि दगडांवर पांढऱ्या खडूने बाण काढत. सायकल कुठून न्यायची ते. जिथून न्यायची नाही तिथे लाल फुली. वाटेतल्या प्रत्येक अवघड जागेला त्यांनी नाव दिलं होतं. सुरुवातीला एक रुंद, गुळगुळीत शिळा होती, ती 'सासुरवाडी', कारण तिथे सगळं फार सोपं वाटतं. त्यानंतर सुट्या खड्यांचा उभा घसारा, त्याचं नाव 'तहसील', कारण तिथे तुम्ही कितीही हुशार असा, काम तुमच्या हातात राहत नाही. आणि शेवटच्या वळणावर बरोबर मध्ये एक शिळा उभी होती, छातीएवढी. तिला डावीकडून जा, उजवीकडून जा, अंगाला घासल्याशिवाय सोडायची नाही. तिचं नाव 'मेहुणा'. काकूंचे बंधू गावातच राहत होते, त्यांना हे माहीत होतं.

नील, तू व्हिडिओत जे करत होतास ना, पॅडलवर उभं राहणं, पार्श्वभाग सीटच्याही मागे नेणं, गुडघे सैल, कोपर बाहेर, हे सगळं मी ओळखलं. काकाजी हे सगळं खाकी अर्धी पँट आणि सोला हॅट घालून करत. त्यांची तीन सूत्रं होती, ती ते कोणालाही, कधीही, मुंजीच्या पंगतीतसुद्धा सांगत. पहिलं: घसाऱ्यावर ब्रेक मारायचा नाही, घसारा यायच्या आधी मारायचा. दुसरं: सायकलला घट्ट पकडायचं नाही, तिला खाली नाचू द्यायचं, आपण वर शांत राहायचं. आणि तिसरं: "दगडाकडे पाहू नाही. दगडाकडे पाहिलं की तो बोलावते. जिथं जाचं आहे तिथं पाहा."

खाली वाट संपते तिथे एक अम्मा शिंगाड्यांची टोपली घेऊन बसायची. तिच्या टोपलीच्या अलीकडे हातभर अंतरावर सायकल थांबली, तर चाचणी पूर्ण. टोपलीत गेली, तर ब्रेक फेल. अम्मा म्हणायची, "चाचा, हमारे सिंघाड़े भी कभी पास करोगे कि बस कुचलोगे?"

आता आमच्या घरातली गोष्ट. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला सदरमधल्या एका मुलींच्या शाळेतून पत्र आलं. इंग्रजी शिकवायला जागा होती, सोमवारपासून रुजू व्हा, न आल्यास पुढचं नाव घेऊ. पत्र आणि सोमवार यांच्यात नऊ दिवस होते. गढ्यापासून सदर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. टांगा वेळेवर मिळेल तो दिवस सणाचा. तुमच्या आजोबांनी छावणीतून बदलून जाणाऱ्या एका नर्सबाईंची सायकल आणली, हिरवी, बायकांची, पुढे दांडी नसलेली. कॉलेजात मी नागपूरच्या सपाट रस्त्यांवर सायकल चालवलेली होती. मी तिच्यावर हात फिरवला आणि मला वाटलं की झालं.

सासूबाईंनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या कधीच नाही म्हणत नसत. म्हणाल्या, "शिकवाले जाते तं जाऊ दे. पण एवढ्या लांब, साडी नेसून, या खटाऱ्यावर? भाऊनं पास केली तं जा. नाही तं बाप्पा, आपलं घर बरं."

तुमचे आजोबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीकडे. बारातल्या अकरांवर फुली! सासूबाईंना हे आकडे माहीत नव्हते असं मी आजही म्हणणार नाही.

पहिल्या रविवारी काकाजी हिरवी सायकल घेऊन टेकडी चढले. मी खाली अम्माच्या टोपलीपाशी उभी. सासुरवाडी, तहसील, मेहुणा, सगळं पार करून सायकल एखाद्या चांगल्या वळणाच्या मुलीसारखी टोपलीच्या अलीकडे एका हातावर येऊन थांबली. ना खडखड, ना काही. काकाजींनी टोपी काढली. खिशात हात घातला. मग तो तसाच बाहेर काढला.

"चाचणी झाली नाही," म्हणाले.

"काहून?" मी म्हटलं. मी कधी 'काहून' म्हणत नाही, पण त्या वेळी तोंडून तेच निघालं.

"मी पँट घालून उतरलो, सूनबाई. तुम्ही काय पँट घालून जाऊन राहिल्या शाळेत? माल ज्या हालतमधे वापरायचा, त्याच हालतमधे तपासाले लागते. हा नियम आहे." आणि सायकल हातात धरून घरी निघाले. मला वाटलं, विषय संपला, नोकरी गेली. नंतर संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "हात वर करा! अजून वर! आता सोडू नका, निऱ्या सुटतील!"

तो सगळा आठवडा रोज फॅक्टरी सुटल्यावर काकाजी साडी नेसायला शिकले. कामात चालढकल त्यांना ठाऊक नव्हती. काकूंनी आधी सरळ मार्ग सुचवला, "माझं नऊवारी नेसा नं, सोपं जाईन." काकाजी म्हणाले, "नऊवारीत कासोटा आहे. ती पँटच झाली. चाचणी बाद." मग गोल पातळ हवं, आणि तेही कोणतंही नाही. बुधवारी ते आमच्या दारात आले. "सूनबाई, शाळेत पहिल्या दिवशी कोणती नेसणार?" माझ्याकडे शाळेत नेसण्याजोगी एकच बरी साडी होती, निळ्या काठाची पांढरी, हातमागाची, माहेरून आणलेली. मी म्हटलं, "काकाजी, दुसरी कोणतीही घ्या." ते म्हणाले, "मग दुसरीच नेसून शाळेत जा." मी साडी आणून दिली. सोबत माझी पर्स मागितली, डबा मागितला, वह्यांचा गठ्ठा मागितला, छत्री मागितली. सगळं कॅरिअरवर आणि हँडलला. तुमचे आजोबा मिश्कीलपणे म्हणाले, "मामला पूर्ण करा काकाजी, कुंकूही लावा." काकाजींनी त्यांच्याकडे फार गंभीरपणे पाहिलं. "कुंकवाचा नं ब्रेकचा काही संबंध नाही," म्हणाले.

दुसऱ्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी जत्रा भरली. वर देवीचं देऊळ असल्याने दर्शनाला येणारी मंडळी होतीच, त्यांत सगळा गढा मिसळला. सासूबाई टांगा करून आल्या आणि अम्माशेजारी दगडावर बसल्या. मी त्यांच्या मागे उभी. उद्या सोमवार होता. तुमच्या आजोबांना टिंक्चर आणि कापूस देऊन मेहुण्यापाशी उभं केलं होतं. आणि वर, किल्ल्याच्या भिंतीपाशी, माझी निळ्या काठाची साडी उन्हात चमकली. तिच्यात काकाजी होते, मिशा आणि सोला हॅटसकट.

सासुरवाडीवरून ते आले तेव्हा पदर मागे दोन हात उडत होता. देवळाच्या वाटेवरच्या एका म्हातारीने हात जोडले, "मैया आ गई!" आणि हातातली झेंडूची फुलं खाली उधळली. तिचं बघून आणखी चारजणींनी उधळली. काकाजींनी एक हात हलवून "अरे, चाचणी चल रही है!" असं ओरडून सांगितलं, त्याचा अर्थ आशीर्वाद असाच घेतला गेला. तहसील आली. खडे सुटले, सायकल नाचू लागली, काकाजी वर शांत. मला क्षणभर वाटलं, होईल. मग मेहुणा आला. काकाजी वळले, पदरही वळला, पण पदर आतून वळला. मागच्या चाकाने तो टोक धरून आत घेतला आणि मग सोडलाच नाही. इथून पुढे चाक साडी ओढत होतं आणि साडी काकाजींना ओढत होती. ते सीटवरून निसटून सायकलमागे गिरकी घेत घेत, निऱ्यांमागून निऱ्या देत, उतरत होते. तुमचे आजोबा कापूस घेऊन मागे धावत होते. शेवटी काकाजी खाकी अर्ध्या पँटमध्ये, सायकल माझ्या साडीत, आणि सगळं मिळून अम्माच्या टोपलीत, अशी चाचणी पूर्ण झाली.

एक शिंगाडा घरंगळत सासूबाईंच्या पायाशी आला. काकाजी उठले. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं होतं. आधी सायकलची घंटी वाजवून पाहिली, मग चाक फिरवलं, ते साडीसकट फिरलं. मग डाव्या हाताने खिशातला खडू काढला. मी डोळे मिटून घेतले, नील, तुझ्या व्हिडिओच्या वेळी मिटले तसेच.

"सायकल पास," काकाजी म्हणाले. "साडी फेल."

सासूबाईंनी श्वास सोडला. "घ्या! मंग आता सूनबाई काय चड्डी घालून जाईन शाळेत? झालं नं, भाऊ. फेल तं फेल."

काकाजींना सासूबाईंसमोर आवाज चढवताना मी त्या एकाच वेळी पाहिलं. "ताई, फेल म्हणजे फेकून देणं नाही न! तीस वर्षं मी लाल फुल्या मारून राहिलो, फुली मारलेला एक तरी माल फेकला का? तो परत जाते, कारागीर दुरुस्त करते, परत येते, परत तपासतो. फुली याचसाठी असते. लोकाईले वाटते मी नाही म्हणतो. मी नाही म्हणत, मी 'पुन्हा आण' म्हणतो."

त्या दुपारी काकाजी आमच्या ओसरीवर हिरवी सायकल उलटी करून बसले. मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना त्यांनी एका ओळीत बारीक भोकं पाडली. उजव्या हाताचं मनगट सुजून पेरूएवढं झालं होतं, म्हणून गिरमिट तुमच्या आजोबांनी फिरवलं आणि भोकांच्या जागी खडूच्या खुणा काकाजींनी केल्या. मग खाटेची सुतळी पिळून, मेण लावून, मडगार्डच्या भोकांतून चाकाच्या मध्यापर्यंत पंख्यासारखी जाळी ओवली. ओवणाऱ्या काकू होत्या. साडी आत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. पण पंच काही खिशातून बाहेर येईना. दुरुस्त माल पुन्हा तपासल्याशिवाय पास होत नाही. आणि तपासणाऱ्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

संध्याकाळ झाली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. काकाजी म्हणाले, "वापरणाऱ्यानंच तपासाचं नसते. नियमात नाही." मग जाळीवरून बोट फिरवत म्हणाले, "पण चोवीस तासांत माल द्याचा असला, नं चेकर आजारी असला, तं वापरणाऱ्याच्या सहीनं जाते. एकदा गेला होता." आणि माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी मी मदनमहालावर होते. अंगावर काकूंनी दिलेली, गोल नेसलेली तपकिरी पाचवारी, कॅरिअरवर वह्या, हँडलला डबा. तुमचे आजोबा सायकल वर आणून देऊन, धापा टाकत, "नाही जमलं तर नाही म्हण, मी आईशी बोलतो," असं म्हणाले. त्यांनी आईशी बोलण्याची तयारी दाखवली, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते तुम्हाला कळेल. काकाजी माझ्याआधी येऊन गेले होते. सगळ्या वाटेवर ताजे पांढरे बाण होते, डाव्या हाताने काढलेले, त्यामुळे लहान मुलाने काढल्यासारखे वेडेवाकडे. आणि ते त्यांच्या नेहमीच्या वाटेचे नव्हते. तहसील टाळून, मोठ्या वळणाने, माझ्यासाठी निराळी वाट शोधली होती. मेहुणा मात्र टळण्यासारखा नव्हता. तिथे ते स्वतः उभे होते, हात गळ्यात, शिळेला पाठ लावून, जणू तिला धरून ठेवलं होतं.

मी उतरले. कशी उतरले ते मला सांगता येणार नाही, कारण मी फक्त बाण पाहत होते. सायकल खाली नाचत होती. मी वर शांत नव्हते, पण ओरडलेही नाही. मेहुणा आला तेव्हा माझे डोळे त्याच्याकडे गेलेच. आणि काकाजी ओरडले, "माझ्याकडं काहून पाहून राहिल्या! शाळा तिकडं आहे!" मी तिकडे पाहिलं. खाली झाडांपलीकडे, लांब, धुरकट शहर दिसत होतं. सायकल आपोआप वळली. मेहुणा कोपराला जरासा घासला, तो काही कोणाला सोडत नाही, आणि मी अम्माच्या टोपलीपासून चांगली चार हात अलीकडे थांबले. साडी जिथल्या तिथे. अम्माने टोपली उचलून पोटाशी धरली होती, ती खाली ठेवली. "ए बहूरानी, तुम तो चाचा से अच्छी निकलीं," म्हणाली.

सासूबाई आल्या होत्या. मला वाटलं नव्हतं येतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, माझ्या कोपराचं रक्त आपल्या पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "नऊ वाजाले आले. अजून इथं काहून उभी? पहिल्याच दिवशी उशीर करते का?"

काकाजी वरून लंगडत उतरत होते. "थांबा! थांबा! शिक्का राहिला!" त्यांनी डाव्या हाताने पंच धरला, हातोडी तुमच्या आजोबांनी मारली, आणि सीटखालच्या नळीवर खूण उमटली. जरा तिरपी. मी एकतीस वर्षं त्या शाळेत शिकवलं.

पुढे टेकडीवर पायऱ्या झाल्या, मग गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा काकाजींनी उतरणं सोडलं. तरी रविवारी खडू घेऊन जात आणि एखाद्या शिळेवर बाण काढून येत. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही. काकू गेल्यानंतर मात्र त्यांनी काहीच तपासलं नाही. मी एकदा पुरणपोळी घेऊन गेले. घडी न उलगडता, उजेडात न धरता त्यांनी ती खाल्ली. मी म्हटलं, "काकाजी, बघितली नाहीत?" ते म्हणाले, "चांगली आहे, सूनबाई." अकरा फुल्यांपेक्षा मला ते शब्द जड गेले. मी मुद्दाम एका बाजूला पुरण भरलंच नव्हतं.

नील, तुझ्या आईला मी कळवलं आहे की मी तुला समजावलं. घसारा यायच्या आधी ब्रेक मार. दगडाकडे पाहू नकोस. आणि सई, तू त्याच्या सायकलचा ब्रेक दर वेळी स्वतः तपासत जा. चांगला नसला तर लाल खडूने फुली मार आणि त्याला सांग, पुन्हा आण.

हिरवी सायकल मागच्या पडवीत आहे. टायर गेलेत. सुतळीची जाळी मी तीनदा नव्याने ओवली, शेवटची मागच्याच वर्षी. घंटी वाजते. सीटखालच्या नळीवरची खूण रंग उडाल्यामुळे आता डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागते.

तुमची,
आजी